कांदेवालीची साक्ष

मी कांदे विकते.
त्यामुळे रडणाऱ्या माणसांचं मला फारसं कौतुक नाही,
हे आधीच सांगून ठेवते.

ती आली फेब्रुवारीत.
ओल्यांवच्या मासळीबाजारामागे, पाण्याच्या कडेला,
जिथे शनिवारी आम्ही फळकुटं टाकतो.
नाव इर्मेली. फिनलंडची. वय चौपन्न, पायांत लोकरीचे मोजे.
काडीमोडात नवऱ्याने घर घेतलं, होडी घेतली,
हिच्या वाट्याला एक बरणी:
राय नावाच्या धान्याचं आंबवण, अठरा वर्षांचं,
रात्रभर बुडबुडणारं,
पोटात काही म्हणता काही न राहणारं.

त्यातून तिने पाव भाजला.
काळा, आणि असा घट्ट
की एका समुद्रपक्ष्याने चोच मारली
आणि मग चोच तपासून पाहिली.

आमच्याकडे पाव नाकातून निघतो.
तिला नाक सापडेना.
नाकाशिवाय तो शब्द म्हणजे दांडकं.
आठ शनिवार ती गोड गळ्याने ओरडत होती,
"दांडकं घ्या, ताजं दांडकं!
बायांनो, घरी भाजलेलं दांडकं!"
आम्ही कुणी सुधारलं नाही.
बाजारात करमणूक महाग असते.

सुधारलं बेल्मिरोने.
समोर तारल्या विकतो. बोलणं कमी,
तोलताना काट्यावर अंगठा, सगळ्यांना ठाऊक.
तिच्यासमोर येऊन त्याने दोन बोटांत स्वतःचं नाक धरलं,
"पांव."
तिनेही नाक धरलं.
"पांव."
दोघं तशीच उभी.
माझं एक गिऱ्हाईक निघून गेलं, मला कळलंही नाही.

त्या दिवसापासून तो दर शनिवारी एक पाव घेई, दयेपोटी,
आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून
आठवडाभर दाराशी लावून ठेवी.

मग जून आला, तारल्या चरबीला आल्या,
आणि भाजल्या तेव्हा हाताशी दुसरा पाव नव्हता.
आमच्या मऊ पावातून तेल कोपरापर्यंत ओघळतं,
कोपर चाटणं हा इथे जेवणाचाच भाग.
हिच्या पावाने थेंबन् थेंब पिऊन टाकला.
बेल्मिरोने कोपर पाहिलं. कोरडं.
पुन्हा पाहिलं.
इतका गोंधळलेला पुरुष मी बोहल्यावरही पाहिला नाही.

दुसऱ्या शनिवारी त्याने दाढी केली होती.
काट्यावरचा अंगठा निघाला.
तिच्यापुरताच, पण निघाला.

सप्टेंबरात ती घराच्या कागदांवर सह्या करायला गेली, तीन आठवडे.
बरणी त्याच्या हवाली.
सोबत चित्रांची चिठ्ठी: चमचा, सूर्य, चमचा, चंद्र.
पहिल्याच उकाड्यात आंबवण दोनदा उतू गेलं.
घाबरून त्याने बरणी तारल्यांच्या बर्फात पुरली.
मग ते गप्प झालं. अगदी गप्प.

"मारलं मी त्याला," माझ्याकडे येऊन म्हणाला, डोळे भरलेले.
मी सुरी दिली, कांदा दिला.
"चीर. निदान काही कारण तरी राहील."

ती परतली. तो काही बोलेना.
तिने बरणी उचलली, झाकणावरचे खवले पुसले, वास घेतला,
आणि स्वेटरखाली पोटाशी धरून
माझ्याच खोक्यावर बसली.
तासभर. तेवढ्यात मी अकरा किलो विकले.
तो तारल्यांवर पाणी मारत होता, त्याच त्याच तारल्यांवर.

मग एकदा, बारीकसं,
"बुड्."

तिघांनीही ऐकलं.
तिने नाक धरलं आणि आमच्या भाषेत म्हणाली,
"झोपलं होतं."
त्यानेही नाक धरलं, काय म्हणाला ते विसरले.
पुढचं करायला मात्र
दोघांनाही नाक सोडावं लागलं.

आता तिच्या पावाला किंचित मासळीचा वास येतो.
नवा प्रकार म्हणतात, वीस सेंट जास्त घेतात,
आणि पावावर तारली, तारलीवर कच्च्या कांद्याची चकती.

प्रेमबीम त्यांचं.
कांदा माझा.
मीही भाव वाढवलाय.