शेरा : हापशाचा आवाज

तबकडी काचेची होती.
बेचाळीस साली अ‍ॅल्युमिनियम सगळं विमानांना गेलं
आणि गाणी काचेवर आली;
वर लाखेचा काळा लेप, नख लागलं तरी ओरखडा उमटेल असा.
ऐंशी वर्षांत त्यावर पांढरी भुकटी धरली होती.
ती मी मऊ कुंचल्याने उतरवली,
तान्ह्या बाळाची टाळू पुसावी तशी.

पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं :
लुवीनिया टेटम, वय अदमासे पन्नास, धुणी धुते.
यझू नदीकाठ, मिसिसिपी. ऑगस्ट.
बंधाऱ्याच्या मजुरांचं गाणं.
शेरा : मागे हापशाचा आवाज. मुद्रण बिघडले.

कुईंऽ खट्. कुईंऽ खट्.
तीन दिवस मी तो आवाज वेचत बसले,
तांदळातले खडे वेचावेत तसा, एकेक.
चौथ्या दिवशी बाई एकटी गायली,
लख्ख, जशी माझ्या खोलीतच.
मधेमधे उगाच थांबत होती एवढंच.
दम्याचा त्रास असावा, असं मी नोंदवून ठेवलं.

मग अर्डेलिया आल्या.
डेट्रॉइटहून बसने, एक दिवस नि एक रात्र,
मांडीवर टोपीचा डबा, आणि टोपी डोक्यावर.
हेडफोन टोपीवरून बसेना.
टोपी काही त्यांनी काढली नाही,
एकच कान लावून ऐकलं, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"लुवीनिया आत्याच ही," म्हणाल्या.
"पण पापांना कुठं घालवलंत?"

मी पाकीट दाखवलं. नाव एकच होतं.

"मशीनवाल्या साहेबानं सांगितलं, पंप थांबव.
दुसऱ्या साहेबानं सकाळीच सांगून ठेवलेलं,
दुपारच्या आत खेचरांचा हौद भर.
मशीनवाला संध्याकाळी जाणार होता.
दुसरा रोजचा होता."

मी मूळची फाइल उघडली.
सुई टेकली, खरखर,
कुईंऽ खट्.

आणि तेव्हा मला ऐकू आलं
(तीन दिवस कानाशी धरूनही जे आलं नव्हतं)
की आत्या ओळीच्या शेवटी थांबते ती दमून नव्हे,
दांडा खाली येईपर्यंत थांबते.
खट् वर पाय ठेवून पुढच्या ओळीत शिरते.
तिसऱ्या कडव्यात हापसा मंदावतो, तीही मंदावते.
मी काढून टाकली होती ती भिंत,
जिला टेकून ते गाणं उभं होतं.

एके ठिकाणी ताल चुकतो.
कुईंऽ, आणि काहीच नाही. मग घाईने खट्.
"हात बदलला," अर्डेलिया म्हणाल्या.
"डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. कापसाच्या जिनमध्ये गेली.
दांडा निसटायचा."
आपला डावा हात त्यांनी टेबलावर पालथा ठेवला
आणि बराच वेळ ठेवला.

गाणं संपतं. साहेब कुणालातरी काहीतरी म्हणतो.
हापसा चालूच.
नऊ सेकंद नुसता हापसा,
मग काच संपते.
हौद भरला की नाही, ते तबकडीवर नाही.

मी नोंद दुरुस्त करायला घेतली.
सीफस टेटम, असं नाव लिहिलं.
वाद्य?
यादीत बँजो होता, गिटार, जग, वॉशबोर्ड,
दोन चमचेसुद्धा होते.
हापसा नव्हता. 'इतर' वर टिचकी मारली.
दम्याची नोंद खोडली.

त्या उठल्या. टोपी सारखी केली.
"पाणी मिळेल का इथं?"
मी कॉरिडॉरमधल्या कूलरपाशी नेलं,
बटण दाबलं की येणारं,
बिनआवाजाचं पाणी.
पेला भरेस्तोवर त्या थोड्या वाकून उभ्या होत्या,
कान तिकडे करून.