बिजा, घर नंबर एकेचाळीस

राऊंडबाबूनं टेप लावला.
छातीच्या उंचीवर घेर एकशे बारा.
माझ्या छातीचं माप कोणी घेतलं नाही.

जमीन माझी, सातबारा माझा,
झाड मात्र सरकारच्या यादीतलं.
घरकुलाच्या नकाशात
नेमकं न्हाणीच्या जागी उभं.

पोरगी मोठी झाली, बाबू,
तट्ट्याच्या आडोशाला किती दिवस न्हाईल?
तो म्हणाला, कुरखेड्याला अर्ज करा.
मी तिसऱ्या अर्जाची पोच दाखवली.
तो खाली पाहत राहिला.
त्याच्या बुटाला पिवळी फुलं चिकटली होती.

एका रात्री कुऱ्हाड टेकवलीच मी.
एकच घाव, बोटभर.
लाल आलं.
डिंक असते तो, वाळला की काळा पडते,
मलाही माहीत आहे.
दिवा आणला, तरी लालच.

सकाळी पोरीनं त्यावर शेण थापलं,
माझ्याशी बोलली नाही.
बाबू आला. शेण पाहिलं,
पोरीकडे पाहिलं,
वही न उघडता चहा पिऊन गेला.

आता मिस्त्री म्हणते,
भिंत अडीच फूट वळवू, झाड राहू द्या.
वळवली तर न्हाणी
दुधरामच्या हद्दीत जाते.

दुधराम बांधावर उभा राहून हसते :
माझ्याकडेही अर्ज कर.