दोन बेलापूर

अर्जातला सातवा रकाना:
पाचारण केव्हा व कसे झाले, थोडक्यात लिहा.
खाली तीन ओळी आखलेल्या.
आढाव पाळकांनी सोबत पेनही दिलंय, मंडळीचं नाव छापलेलं.
उमटत नाही.

मी बिलिंगला. खिडकी क्रमांक दोन, रात्रपाळी,
नेरूळच्या हॉस्पिटलात, अकरा वर्षं.
माणसं माझ्याशी काचेतल्या भोकातून बोलतात:
अनामत किती, दोन कार्डांवर विभागून चालेल का,
इन्शुरन्सवाल्यांचा मेल आला का.
आणि मग पावतीची घडी घालता घालता,
एवढ्याशा आवाजात,
मॅडम, वाचतील ना ते?

डॉक्टर राउंडला येतील, मी म्हणायचे.
हे खोटं नव्हतं. खरंही कुठे होतं.

जानेवारीत करावे गावच्या नागूबाई तांडेल आल्या.
वॉर्डात खाट नव्हती, लिफ्टशेजारी स्ट्रेचरवरच ठेवलेलं.
मुलगा एटीएम शोधायला गेलेला.
बाय, म्हणाल्या, जरा येतंस?
मी गळ्यातला क्रूस आत सारला, का कोण जाणे.
त्यांनी पाहिलं.
तुझा देव तुझे जवल ऱ्हाऊ दे, माझे देव घरा हायेत.
तू निसती बस.

मी ‘काउंटर बंद’ची पाटी लावली आणि बसले.
पाऊण तास. माझ्या ओळखपत्राची दोरी मुठीत धरून
त्या सांगत राहिल्या: इथं सासऱ्याचं मिठागर होतं,
तळपाय कसे फुटायचे, भेगांत मीठ कसं शिरायचं,
आणि तरी रातचे ढीग बघायला उठून यायचो.
तुझे खुर्चीखाली मीठ हाय, बाय.

एक वचन आठवलं नाही मला.
लहानपणी पाठांतराचं बक्षीस मिळालं होतं,
स्टीलचा डबा, अजून वापरात आहे.
रांगेत पाच जण होते. कुणी ओरडलं नाही.

त्यांचं शेवटचं बिल मीच काढलं.
‘बाकी निरंक’ असा शिक्का असतो.
नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला.

मी जन्मले ते बेलापूर श्रीरामपूरजवळचं, प्रवरेकाठचं.
लग्न होऊन आले तेही बेलापूरच, पण खाडीकाठचं.
आई पिनकोड लिहायची नाही.
तिची पत्रं निघायची आणि फिरून तिच्याच दारात यायची.
एकदा तिने फोडून वाचलं आणि फोनवर म्हणाली,
बाई, छान लिहिलंय गं कुणीतरी.

तेच भय आहे.
ही हाक दुसऱ्या कुणाची असेल,
नुसत्या गावाच्या नावावरून माझ्याकडे आलेली.
किंवा मीच टाकलेली, फिरून माझ्याच दारात,
आणि मी उंबऱ्यात उभी राहून म्हणतेय,
छान लिहिलंय.

पाळक म्हणतात, थांब, वर्षभर प्रार्थना कर.
सुधाकर म्हणतो, चॅप्लिन म्हणजे पगार किती?
दोघांचंही बरोबर आहे.
मी रोज पहाटे घरी परतताना विचारते,
सीवूड्सच्या सिग्नलला, रिक्षात, डोळे उघडे ठेवून.
सिग्नल सुटतो.

काल रात्री अडीचला एकाने पैसे भरले,
पावती घेतली, आणि गेलाच नाही.
काचेतल्या भोकावर तळहात ठेवून उभा.
माझा हात पाटीकडे गेला,
माझ्या आधी.

अर्ज सहाव्या रकान्यापर्यंत भरून झालाय.
पत्ता पूर्ण लिहिलाय, बिल्डिंग, मजला, सेक्टर,
पिनकोडचे सहाही आकडे
आपापल्या चौकटीत,
दोनदा तपासून.