बाजूचं दार

चार वर्षं तुला कुणी हात लावला नव्हता.
ब्लंडा नदीच्या वरच्या माळावर जन्मलीस,
वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला शिकलीस,
आणि सप्टेंबरात खाली हाकलेल्या कळपातून
माझ्या वाट्याला आलीस:
मातकट, पोटाला शेवाळाचा वास,
डाव्या कानाला जुनी चीर.
थोर्लाकुर म्हणाला, नाव ठेव, पण इतक्यात हाक मारू नकोस.
मोआ ठेवलं.
तीन आठवडे मनातच ठेवलं.

आमच्या आइसलंडात डिसेंबरचा दिवस
अंगातला कोट न काढता
दारातूनच बोलून जातो.
त्यामुळे आपली ओळख झाली ती अंधारात.
तबेल्यात बादली उपडी टाकून मी बसायचे,
तुझ्याकडे पाठ करून,
मोजे विणत.
सुयांच्या टकटकीला तू बिथरायचीस,
भिंतीला अंग घासत पलीकडे सरकायचीस.
पहिल्या मोज्याच्या टाचेपर्यंत हेच.
दुसऱ्या मोज्याच्या वेळी
माझ्या मानेवर तुझा श्वास आला,
ओला, सुक्या गवताचा.
मी वळले नाही. टाके मोजत राहिले.
चुकले.
ते मोजे अजून आहेत:
एक घट्ट, एक ढिला.

फेब्रुवारीत मी घाई केली.
भावाशी फोनवर भांडण झालं होतं,
ते बोटांत उतरलं,
आणि खोगीराचा पट्टा एक भोक जास्त ओढला गेला.
गोठलेल्या अंगणात आपटलंस मला.
बरगडी गेली.
गोष्टीतले घोडे अशा वेळी जवळ येतात,
नाकानं ढोसतात.
तू आली नाहीस.
कुंपणाला टेकून थरथरत होतीस,
रिकिबी दोन्ही बाजूंना हलत होत्या,
आणि मला पडल्या पडल्या कळलं
दोघींत जास्त कोण पडलं होतं.

पुन्हा बादली.
पुन्हा सुया, पुन्हा पाठ.
स्वेटरची अख्खी एक बाही
मी तुझी माफी मागण्यात विणली.

मग एप्रिलात, बर्फ सुटत चाललेल्या वाटेवर
तुला रवाल लागली.
मी शिकवली नव्हती.
ती तुझ्या हाडांतच होती,
मी फक्त तिच्या वाटेतून बाजूला झाले.
चार खूर, चार वेगळे बोल,
एकही दुसऱ्यावर पडत नव्हता,
आणि माझी मांड अशी, जणू कुणी मला
जागच्या जागी नदीत सोडलंय.
थोर्लाकुरनं तबेल्याच्या दारातून पाहिलं.
टोपी काढली, डोकं खाजवलं,
टोपी घातली.
एवढं कौतुक त्यानं बायकोचंही केलं नसेल.

जूनमध्ये ब्रेमेनहून बाई आली, मुलीला घेऊन.
मुलगी चांगली होती. स्वांत्ये नाव.
तुझ्या चिरलेल्या कानाला आधी विचारून हात लावला तिनं.
मला घराचे पत्रे बदलायचे होते.
आमच्याकडे नियम आहे:
समुद्रापार गेलेला घोडा परत येत नाही.
रोगाची भीती.
शर्यत जिंकायला गेलेलासुद्धा नाही.
मी स्वांत्येला कागदावर लिहून दिलं:
पट्टा दोनदा थोडा थोडा आवळ, एकदम नको.
शिट्टी नको.
राग आला असेल त्या दिवशी फक्त चारा घाल.

विमानतळाची गाडी आली.
फळीवर तू पुढचे पाय रोवलेस.
गाडीवाल्यानं दोर लावला, ओट दाखवले,
मागून हाकललं.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी तुझ्याकडे पाठ केली.
फळी चढून आत अंधारात गेले,
हातात काहीच नव्हतं.
मागे लाकडावर तुझे खूर वाजले.
एक. थांबलीस.
मग चारही.
मानेवर श्वास.

असाच विश्वास मी हिवाळाभर विणला होता.

आणि गाडीला बाजूला एक छोटं दार असतं,
माणसापुरतं.
त्यातून मी उतरले.