डावा, उजवा

शांतवन मिस्त्रींनी रबरी नळी माझ्या कानाला लावली.
"ऐका. हा डावा. आता उजवा."
डावा संथ सुस्कारतो,
उजवा कुठल्याशा फटीतून
चोरून हवा ओढतो, दमेकऱ्यासारखी.

शरणपूर रोडवर एमजीचं बॉनेट उघडं,
स्टुलावर नव्याचं खोकं:
दोघांच्या जागी एकच,
चित्रात तरी चकचकीत.
निफाडच्या थंडीतही म्हणे
पहिल्या चावीला पेटेल.

"शाफ्ट झिजलाय," मिस्त्री म्हणाले.
"गुडघा गेलाय, माणूस नाही."

सातपूरच्या लेथवर पितळी बुश वळवून आणले.
आता यात बर्मिंगहॅम किती, सातपूर किती,
कुणी विचारू नये.

पुन्हा नळी. डावा. उजवा.
जुळले. जवळजवळ.

खोकं अजून फोडलेलं नाही.
परत पाठवायची मुदत
रविवारी संपते.