हॅम्बुर्ग ते लिस्बन, व्हाया धोपावे

दाभोळच्या धक्क्यावर माझी खिडकी,
तिकिटांचे गठ्ठे, सुट्ट्या पैशांचा गंजका डबा.
समोर धोपावे, इतकं जवळ
की तिकडचा कोंबडा इकडे जाग आणतो.
रस्त्यानं जाल तर चिपळूण फिरून अर्धा दिवस.
फेरीनं, एक बिडी.

हलिमा परकार साडेबाराला आली,
मोबाइल खिडकीतून आत सरकवला. तिकिटाचा फोटो.
‘बघा जरा, किती लांब हाय?’
निजाम एका बोटीवरून उतरलेला, दुसरी धरायची.
पोरीच्या शाळेच्या नकाशावर मी पट्टी ठेवली:
बावीसशे किलोमीटर, थोडं इकडंतिकडं.
तीन तास पंचवीस मिनिटं.
निघणार नऊला, पोचणार अकरा पंचवीसला.

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
‘हे दोन तास पंचवीसच झाले.
एक तास कुठं गेला?’
म्हटलं, लिस्बनची घड्याळं मागं असतात.
‘असतील. पण तो तास
पगारात धरतात का?’

धक्क्यावर रेंज नाही. धोपाव्यालाही नाही.
खाडीच्या मधोमध, जिथं वाशिष्ठी आणि समुद्र
एकमेकांना ढकलतात, तिथं दोन कांड्या येतात.
म्हणून ती फेरीत चढली, लोखंडी बाकावर,
मांडीवर सांदणांचा डबा,
आणि धोपाव्याला उतरली नाही.
परत आली, इथंही उतरली नाही.
जांभ्याचा ट्रक, बर्फाचे खोके,
हळद न उतरलेलं एक जोडपं, एक बकरी,
सगळी चढली, उतरली. ती तिथंच.

चौथ्या खेपेला, खिडकी पोऱ्यावर टाकून, मीच गेलो
तिकीट फाडायला, आणि थांबलो.
कुठून कुठं लिहू?
आमच्या वहीत न उतरणाऱ्यांचा रकाना नाही.
तिनं पैसे पुढं केले. मी हात मागं घेतला.
‘घ्या. तो तिकडं फुकट बसलेला नाही.’
घेतले.

ओहोटी. फेरीचा तळ वाळूला घासला.
वीस मिनिटं आम्ही कुठंच नव्हतो,
ना तालुका दापोली, ना गुहागर.
तिनं डबा उघडला. एक सांदण सारंगाला, एक मला.
गार झालेलं, तरी मऊ.
‘आता तो फ्रान्सवर असेल?’
असेल, म्हटलं.
मला काय ठाऊक. मी जन्मात
हे एवढं पाणी सोडून दुसरं ओलांडलेलं नाही.

सारंगानं इंजिन मागं घेतलं, मग पुढं.
चार दहाला, मधल्या पाण्यात,
फोन बाकावर थरथरला.
एकच शब्द: उतरलो.

ती काही बोलली नाही. डबा पुसला, झाकण दाबलं,
आणि फेरी टेकली तशी
बकरीच्याही आधी उतरली,
धोपाव्याला.
मी ओरडलो, अगं, घर पलीकडे!
तिनं वळून न बघता हात हलवला:
‘येते. एक तास शिल्लक आहे ना.’