वरचा डावा एक

यार्क्को पेल्कोनेन तोंड उघडतो
आणि मी त्याची कारकीर्द वाचू लागते.

कर्कॉडीत माझा दवाखाना, खाली माशांचं दुकान.
खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे दिसायला हवा,
बहुतेक दिवस नुसतंच करडं काहीतरी.
आइस रिंक इथून चढावर, दहा मिनिटं.
संघाचे दात माझ्याकडे येतात,
कधी तोंडात, कधी दुधाच्या बाटलीत.

हा सदतिसाचा. बचावपटू. पाठ
बार्शीच्या बर्फवाल्याकडच्या, भुशात गुंडाळलेल्या
लादीएवढी. खुर्चीबाहेर उरते.

"उजवा सुळा?"
"ईसाल्मी. गोठलेलं तळं. मोठ्या भावाची स्टिक.
तो आता फरश्या बसवतो."
"खालचे दोन?"
"लाहती. पहिला मोसम.
आईनं टीव्हीवर पाहिलं
आणि उठून टीव्ही बंद केला."

मागची दाढ मात्र कुणी मारली नाही.
ती आयोवातल्या बसमध्ये आपली आपण कुजली.
चार वर्षं रात्र-रात्र प्रवास,
पेट्रोलपंपावरची गोडमिट्ट कॉफी,
आणि वरच्या लीगचं बोलावणं येईल म्हणून
फोन छातीवर ठेवून झोपणं.
आलं बोलावणं. नऊ सामने.
गोल नाही. एक पास,
तोही दुसऱ्या दिवशी फेरतपासणीत
दुसऱ्याच्या नावावर गेला.

हे सांगून तो हसला असता,
पण माझा आरसा त्याच्या तोंडात होता.

मग डेन्मार्क. मग स्लोव्हाकिया,
तिथला एक स्वस्त ब्रिज,
ज्याचं काम पाहून मीच दातओठ खाल्ले.
मग हे गाव, जिथं दर शनिवारी
दीड हजार माणसं त्याचं नाव
एका सुरात चुकीचं उच्चारतात.
तो दुरुस्त करत नाही.

आमच्याकडे म्हणतात, मी म्हटलं,
दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.
चणे म्हणजे काय, तेही समजावलं.
भूल चढेपर्यंत तो विचार करत राहिला.
मग बधिर ओठांनी विचारलं,
"यातले चणे कोणते? ते नऊ सामने?
की आत्ताचे, इथले?"
मी कापूस बदलला.

वरचा डावा एक गेल्या शनिवारी गेला.
पाच-एकनं हरत होते, चाळीस सेकंद उरलेले,
आणि हा पकच्या वाटेत तोंड घेऊन उभा.
दात सापडला तो सोमवारी.
बर्फ सपाट करणारं यंत्र चालवतो तो फ्रेझर मंकर,
त्यानं रिंकमागचा खरवडलेल्या बर्फाचा ढीग
फावड्यानं उपसला, जेवणाच्या सुट्टीत,
आणि काडेपेटीतून दात आणून दिला.
उशीर झाला होता. त्याला कोण सांगणार?
मी थँक्यू म्हटलं.

एप्रिलात यार्क्को घरी चाललाय. कायमचा.
भाऊ म्हणतो, गुडघे चालत असतील तर ये, फरशीचं काम आहे.
गुडघे चालत नाहीत.
"सगळे दात बसवून दे," तो म्हणतो,
"सुळा आधी. त्या सुळ्यासाठी
तो अजून माफी मागतो. कंटाळा आलाय."

फॉर्मवर एक रकाना असतो: दात जाण्याचं कारण.
पडणं, अपघात, कीड, वय, यांपुढे खूण करायची.
मी विचारलं, पाच-एक असताना कशाला मध्ये गेलास?
"गेलो नाही," तो म्हणाला. "तिथेच उभा होतो."

खूण कुठे करावी कळेना.
मी समासात लिहिलं: उभा होता.